कुऱ्हाड, पटाशी आणि संगणक

लाकूड कोरणारे संगणकीय यंत्र आमच्या गाळ्यात आले ते २०१९ साली. त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी विहारात, लग्नकार्यात, जयंतीच्या मंडपात भेटणाऱ्या भगिनी अजून तेच प्रश्न विचारतात. केवढ्याला पडले? कर्ज कोणी दिले? बाईमाणसाला ते चालवता येते का? आणि एक प्रश्न नेहमी आवाज खाली आणून विचारला जातो : "त्यावर देव कोरता का हो?" एकेकीला वेगळे उत्तर देण्यापेक्षा कुटुंबाच्या पानावर सविस्तर लिहावे, म्हणून हा लेखप्रपंच.

माझे पती सुतारकाम करतात. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. कारण गावगाड्यात सुतार हा एक बलुतेदार आणि महार हा दुसरा. एकाचे काम दुसऱ्याने करायचे नाही, असा दंडक. माझ्या आजेसासऱ्यांनी आयुष्यभर पाटलाच्या वाड्यावर लाकडे फोडली. वतनाचे काम म्हणून फोडली, त्याची मजुरी नव्हती. म्हणजे लाकडाशी आमचे नाते जुनेच. पण आमच्या वाट्याला कुऱ्हाड होती, पटाशी नव्हती. या वतनाच्या वेठीतून आपली सुटका व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. प्रत्यक्ष वतने गेली ती त्यानंतर तीस वर्षांनी. यांनी पटाशी हातात धरली ती आयटीआयमध्ये. सरकारी शाळेत कोणालाही सुतारकाम शिकता येते, म्हणून शिकता आले.

तरीही एक दार बंदच राहिले. फर्निचरच्या कामावर यांना कापणे, रंधा मारणे, जोडणे, बसवणे एवढेच मिळे. कोरीव काम आले की कंत्राटदार खास कारागीर आणत. ती विद्या बापाकडून मुलाकडे जाणारी. बाहेरच्याला कोणी शिकवत नसे आणि रोजंदारीवरच्या माणसाला दहा वर्षे कोणाच्या पायाशी बसून शिकणे परवडतही नसे. मजुरीत मात्र दुपटीचा फरक.

माझे शिक्षण बारावीपर्यंत. लग्नाआधी मी डीटीपीचा कोर्स केला होता आणि घाटकोपरला एका छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका, बिलबुके, जयंतीची भित्तिपत्रके जुळवण्याचे काम करीत असे. कोरलड्रॉवर पिंपळाचे पान काढायचे, अशोकचक्राचे चोवीस आरे सारख्या अंतरावर बसवायचे, हे माझे रोजचे काम. एके दिवशी यांनी अंधेरीच्या यंत्रप्रदर्शनातून एक माहितीपत्रक आणले. त्यात लिहिले होते की कोरलड्रॉमधील रेखाटन हे यंत्र थेट घेते. मी म्हटले, "अहो, म्हणजे यातले अर्धे काम मला येतेच की." आमचा सारा उद्योग या एका वाक्यातून उभा राहिला.

यंत्राची रचना समजायला अवघड नाही. एक मजबूत लोखंडी मेज असते. त्यावर एक कमान पुढे-मागे सरकते, कमानीवर एक डोके डावी-उजवीकडे सरकते आणि ते डोके खाली-वरही होते. या तीन दिशांना एक्स, वाय, झेड म्हणतात. डोक्यात एक मोटर असते, तिला स्पिंडल म्हणतात. आमची तीन किलोवॅटची आहे आणि मिनिटाला चोवीस हजार फेऱ्यांपर्यंत फिरते. तिच्या टोकाला कापणारे पाते, म्हणजे बिट. संगणकात चित्र काढले की दुसरी आज्ञावली त्या चित्राचा मार्ग तयार करते : इथून तिथे जा, इतके मिलिमीटर खाली उतर, या वेगाने चाल. यंत्र हे हुकूम एकामागून एक पाळते, त्यापलीकडे त्याला काही कळत नाही. लाकूड कोणते आहे, त्याचा तंतू कुठून कुठे गेला आहे, गाठ कुठे आहे, हे माणसानेच पाहावे लागते.

हा शोधही कालपरवाचा नाही. आकड्यांच्या हुकुमावर चालणारे यंत्र अमेरिकेत एमआयटी या संस्थेने १९५२ साली करून दाखवले. तेव्हा हुकूम छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून दिले जात आणि यंत्रे फक्त विमानांच्या सुट्या भागांसारख्या बड्या कामाला परवडत. लहान सुताराला परवडेल असे यंत्र तिकडेच १९९६च्या सुमारास निघाले. आपल्या महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पाबळ या खेड्यात विज्ञान आश्रमाने २००२ साली फॅब लॅब सुरू केली आणि अशा संगणकीय यंत्रांवर गावातली मुले हात चालवू लागली. पाबळच्या मुलांना जे जमले ते घाटकोपरच्या बाईला का जमू नये, असे मी सासूबाईंना विचारले होते.

आता हिशेब. आम्ही चार बाय आठ फुटांचे यंत्र निवडले, कारण प्लायवूडचा आख्खा तक्ता त्याच मापाचा येतो. यंत्राची किंमत ५,२०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ९३,६०० रुपये. माहितीपत्रकात एवढेच असते; पण खर्च इथे थांबत नाही. भुसा ओढणारे यंत्र ४०,०००, थ्री फेज जोडणी, वायरिंग आणि अर्थिंग ६०,०००, संगणक ३५,०००, आज्ञावलीचा परवाना ५०,०००, बिट २०,०००. लाकूड व हातखर्चाला ८१,४०० धरले आणि प्रकल्प बरोबर नऊ लाखांचा झाला. यंत्राच्या किमतीत आणखी निम्मी रक्कम मिळवल्याशिवाय ते फिरत नाही, हे ध्यानात ठेवावे.

कर्जासाठी मी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून माझ्या नावाने अर्ज केला. या योजनेत अनुसूचित जातीच्या अर्जदाराला आणि महिलेला शहरी भागात प्रकल्पाच्या २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान होते आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. म्हणजे आमचे ४५,००० रुपये, अनुदान २,२५,००० आणि खरे कर्ज ६,३०,०००. अनुदान रोख हातात येत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकून राहते आणि उद्योग चालू असल्याचे दिसले की कर्जात वळते होते. ज्यांना वाटते की अनुदान घेऊन मोकळे होता येईल, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

कागदपत्रांत आपल्या भगिनींनी एक गोष्ट आधीच उरकून घ्यावी. १९९० साली अनुसूचित जातींच्या यादीसंबंधीच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती खुल्या झाल्या. हा हक्क लढून मिळालेला आहे, तो कागदाच्या आळसाने घालवू नये. माझा जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, आधारकार्ड सासरच्या नावाचे. मधला दुवा म्हणून विवाहनोंदणीचा दाखला लागला. तो आधीच काढून ठेवलेला असला तर दोन महिने वाचतात.

पहिल्या बँकेत साहेबांनी फाइल चाळली आणि तारण काय देता, असे विचारले. आमच्याकडे वस्तीतले घर आणि त्याचा फोटोपास. तो सासूबाईंच्या नावावर. सासूबाई घरी म्हणाल्या, "पोरी, या फोटोपासासाठी मी किती रांगा लावल्यात ते मला ठाऊक. तो कोणाच्या टेबलावर ठेवायचा नाही." त्यांचे म्हणणे रास्त होते. मी चौकशी केली तेव्हा कळले की लघुउद्योगाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेशच त्या वेळी लागू होता. त्याची प्रत काढून मी पुन्हा गेले. पहिल्या साहेबांनी ती वाचली, हसले आणि अर्ज तसाच ठेवला. दुसऱ्या बँकेतील बाईंनी ती वाचली, प्रकल्प अहवालातील प्रत्येक आकडा मला विचारला आणि कर्ज मंजूर केले. फोटोपास सासूबाईंच्या ट्रंकेतच राहिला.

गाळा असल्फ्याच्या बाजूला भाड्याने मिळाला, तळमजल्याचा. एक टनाहून जड असलेले हे धूड माळ्यावर चढवता येत नाही. टेंपो गल्लीच्या तोंडाशी थांबला. तेथून हमालांनी लोखंडी पाइपांवरून यंत्र इंच इंच लोटत आत आणले. शटरची रुंदी आम्ही आधीच तीनदा मोजली होती. मग चारी पायांखाली लेव्हल लावून यंत्र समपातळीत आणले. मेजावर एमडीएफचा तक्ता बसवला आणि यंत्राकडूनच त्याच्या पृष्ठभागाचा पातळ थर काढून घेतला. आपली बैठक यंत्राने आधी स्वतःच सपाट करून घ्यायची, मगच बाकीचे काम. त्यानंतर शंभर मिलिमीटरचा चौकोन कापून चारी बाजू आणि दोन्ही कर्ण मोजले. कर्ण सारखे भरले तरच चौकोन खरा.

पुरवठादाराचा तंत्रज्ञ दोन दिवसांत सगळे दाखवून निघून गेला. तिसऱ्या दिवसापासून यंत्र मध्येच एक-दोन मिलिमीटर सरकू लागले. फुलाची पाकळी अर्धी इकडे, अर्धी तिकडे. फोन केला की तिकडून उत्तर येई, तुमच्या चित्रात दोष असेल. मी चित्र दहादा तपासले, दोष नव्हता. शेवटी वस्तीतल्याच एका इलेक्ट्रिशियन मुलाने गोम ओळखली. भुसा ओढणारी मोटर सुरू असतानाच यंत्र भरकटत होते, कारण दोन्हींचे अर्थिंग एकच होते आणि तेही नावापुरते. गाळ्याबाहेर खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून यंत्राला स्वतंत्र अर्थिंग केले. त्या दिवसापासून पाकळी जागेवर आली. यंत्र घेणाऱ्याने अर्थिंगचे काम यंत्र येण्यापूर्वी जाणकाराकडून करून घ्यावे, ही माझी कळकळीची सूचना.

आज्ञावलीचीही एक गोष्ट सांगते. बाजारात या आज्ञावल्यांच्या चोरीच्या प्रती सर्रास मिळतात. आम्हालाही एका विक्रेत्याने एका पेनड्राइव्हमध्ये आज्ञावली आणि हजारो तयार नक्षीकामे भेट म्हणून देऊ केली. पन्नास हजार वाचत होते. मी यांच्याकडे पाहिले. दर रविवारी विहारात आपण पंचशील म्हणतो. न दिलेले घेणार नाही हे त्यातले दुसरे शील, आणि चोरी न करण्याची प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांतही आहे. ज्याने ते चित्र रात्र जागून काढले असेल त्याची मजुरी बुडवणे म्हणजे वेठच. वेठ म्हणजे काय हे आमच्या घराला कोणी शिकवायला नको. आम्ही परवाना विकत घेतला आणि नक्षी मी स्वतः काढू लागले. पुढे याचाच फायदा झाला, कारण आमची जाळी दुसऱ्या दुकानात दिसत नाही.

पहिले मोठे काम आले ते विहाराचे. भगवान बुद्धांची ध्यानमुद्रेतील प्रतिमा, सागवानात, साडेचारशे बाय सहाशे मिलिमीटर. रे रोडच्या लाकूडबाजारातून सुकवलेला साग आणला आणि पंधरा दिवस गाळ्यात तसाच ठेवला, म्हणजे त्याला इथली हवा लागते आणि कोरल्यावर तो वाकत नाही. आधी जाड पात्याने ओबडधोबड आकार, मग तीन मिलिमीटरच्या गोल टोकाच्या पात्याने बारीक काम. हे पाते प्रत्येक फेरीला फक्त ०.३ मिलिमीटर बाजूला सरकते. म्हणजे साडेचारशे मिलिमीटर रुंदीत १,५०० फेऱ्या. एक फेरी सहाशे मिलिमीटरची, म्हणजे पाते एकूण ९०० मीटर चालले. मिनिटाला तीन मीटर या वेगाने पाच तास. सासूबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्या खुर्चीवर बसून लाकडातून वर येणारा तो शांत चेहरा पाहत राहिल्या आणि डबा उघडायचा राहून गेला.

पण तो चेहरा पुरता झाला नव्हता. यंत्र बारीक रेषा मागे ठेवते. पापणीची कड, ओठांचा कोपरा ते बोथट सोडते. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात यांच्या ओळखीचे एक वृद्ध कारागीर होते, मूळचे सहारनपूरचे. यंत्रे आल्यापासून त्यांचे काम आटले होते. त्यांना बोलवायला आम्हाला संकोच वाटत होता, कारण त्यांचे पोट मारणारी वस्तूच आमच्या गाळ्यात उभी होती. चाचा आले, प्रतिमा न्याहाळली आणि म्हणाले की चेहरा मशीनने केला आहे, नजर अजून यायची आहे. मग दीड दिवस पटाशी चालवून त्यांनी ती नजर आणली. तेव्हापासून प्रत्येक मूर्तिकामात त्यांचा ठरलेला वाटा असतो. त्यांची मुले या धंद्यात आली नाहीत. जी विद्या ते घराबाहेर कधी देणार नव्हते, ती त्यांनी यांना दिली. जे दार इतकी वर्षे बंद होते ते असे उघडले.

या निमित्ताने मला कार्ल्याची आठवण होते. तेथील चैत्यगृहाच्या छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. आणि तेथल्या एका शिलालेखात दर्शनी भागाचे काम करणाऱ्या सुताराचे नाव कोरलेले आहे : धेनुकाकट येथील सामी, वेणुवासाचा मुलगा. त्याच लेण्यात श्रेष्ठींची नावे आहेत, भिक्खूंची आहेत, आणि सुताराचेही आहे. कारागिराचे नाव दगडात राहावे एवढा मान बुद्धाच्या धम्मात त्याला होता. पुढे जातीने कारागिराचे काम घेतले आणि त्याला खाली बसवले. बाबासाहेब सांगत की जातिव्यवस्था केवळ श्रमाची विभागणी करीत नाही, श्रमिकांचीही विभागणी करते. आमच्या गाळ्यात चाचांच्या शेजारी यांना पटाशी चालवताना पाहिले की ते म्हणणे मला पुस्तकाबाहेर समजते.

आता त्या दबक्या आवाजातल्या प्रश्नाविषयी. घाटकोपर-मुलुंड भागात लाकडी कोरीव कामाला सर्वांत मोठी मागणी आहे ती देवघरांची. पहिल्याच वर्षी एका गृहस्थांनी देवघराच्या दारांच्या जाळीचे काम दिले, आगाऊ रक्कमही दिली. नमुना पाहायला गाळ्यात आले तेव्हा भिंतीवरील बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीकडे त्यांचे लक्ष गेले. त्यांनी आडनाव विचारले, पाणी नको म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, काम रद्द. मी आगाऊ रक्कम पैन्‌पै परत केली. यंत्र कोणाची जात विचारत नाही. पण यंत्राचे काम विकत घेणारा विचारतो. काही ग्राहकांनी सुचवले, तसबिरी आतल्या खोलीत लावा. तसबिरी जागच्या हलल्या नाहीत.

आमच्या घरातही वाद झालाच. सासूबाई म्हणाल्या की बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला ज्यातून बाहेर काढले, ते हाताने घडवून विकायचे कशाला? हे म्हणाले, प्रतिज्ञा आपण पूजा न करण्याची घेतली आहे. शिंपी सर्वांचेच कपडे शिवतो. उपासकासाठी वर्ज्य सांगितलेले व्यापार पाच : शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. त्यात हे नाही. दोघांचेही खरे. शेवटी ठरले ते असे : जाळी, दारे, वेलबुट्टी, नावाच्या पाट्या हे काम कोणाचेही घ्यायचे, देवतांच्या मूर्ती करायच्या नाहीत. या निर्णयाने महिन्याची निदान दोन-तीन कामे हातची जातात आणि हप्ता भरताना ते जाणवते. दुसऱ्या एखाद्या बौद्ध कुटुंबाने वेगळा निर्णय घेतला तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पण सासूबाईंनी जन्मभर जपलेली गोष्ट हप्त्यासाठी मोडायची नाही, एवढे आम्हाला पुरे आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गाळ्याचे शटर खाली आले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते लांबवण्याची मुभा दिली. पण व्याज चालूच होते. परवानगी मिळताच आम्ही दुकानांच्या गल्ल्यांसमोर लावायचे ॲक्रिलिकचे पडदे कापू लागलो. जे यंत्र साग कोरते तेच ॲक्रिलिकही कापते. त्या पडद्यांनी आम्हाला तारले.

शेवटी, ज्या कुटुंबांच्या मनात असे काही आहे त्यांच्यासाठी थोडे. यंत्र घेण्याआधी सहा महिने आज्ञावली शिका. घरातली मुलगी, सून, जी कोणी संगणकावर बसते तिला या कामात घ्या; उद्योगात आणि कागदोपत्री तिचे नाव ठेवा. इतरांच्या कारखान्यात जाऊन दिवसभर उभे राहून काम पाहा. आणि भुशाला हलक्यात घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचे १९९५ साली जाहीर केले आहे. भुसा ओढणारे यंत्र आणि तोंडावर चांगला मास्क ही चैन नाही. लहान मुलांना गाळ्यात खेळू देऊ नका.

विहारातील त्या प्रतिमेच्या मागच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, यांनी तीन नावे कोरली आहेत : चाचांचे, त्यांचे स्वतःचे आणि माझे. माझे नाव मी संगणकावर जुळवून देणार होते. यांनी ते हाताने, पटाशीने कोरले.

जय भीम!